विषय: नव्या डायॉप्टरचा सदोष नॉब आणि "सरांना फोन द्या"

ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

आत्ताच तुमच्याकडचा चौथा फोन ठेवला. म्हणून आता लेखी.

मी १० मीटर एअर रायफल खेळते. तीन आठवड्यांपूर्वी तुमचा नवा डायॉप्टर, म्हणजे नेम धरायची मागची साइट, ३१,५०० रुपयांना घेतला. आडवा सरकवायचा नॉब चार क्लिक फिरवला तरी टार्गेटवरच्या छिद्रांचा ग्रुप जागचा हलत नाही; पाचव्या क्लिकला एकदम नऊ गुणांच्या घरात उडी. पाच क्लिक मागे घेतले तर मूळ जागी येत नाही. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे मी तुम्हाला सांगायचं? रायफल व्हाइसमध्ये आवळली, नुसता डोळा लावून नॉब फिरवला. तेच. आतल्या स्क्रूचे आटे सैल आहेत, साइट बोटाने ढकलली तरी डुलते. आमच्या शिरोली एमआयडीसीत असा जॉब पहिल्याच तपासणीत भंगारात जातो. व्हिडिओ दोनदा पाठवलाय.

आजचा फोन. पहिला प्रश्न: "सिलिंडरमध्ये हवा भरलीय का?" नॉबचा आणि हवेचा काय संबंध? मग, "पेलेट बदलून बघा." म्हटलं, व्हाइसमध्ये एकही गोळी झाडलेली नाही. तिकडे शांतता. मग, "मॅडम, रायफल वापरतं कोण?" मी. "तसं नाही, शूटर कोण आहेत? त्या सरांना फोन द्या ना." घरात सर नाहीत. एक बोका आहे, त्याला दिला असता. कोल्हापुरात फोन करून हे विचारताय? इथल्याच नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. शेवटी निकाल काय, तर "हाताळणीत बिघाड, वॉरंटी नाही". आटे काय मी हाताळून सैल केले?

व्हिडिओ दोनदा पाठवलाय. कुणी उघडला तरी का?

१५ दिवसांत नवा डायॉप्टर किंवा पूर्ण पैसे. नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. मी राहते तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. धमकी समजायची तर समजा.

तुमचाच जुना डायॉप्टर आठ वर्षं एका क्लिकनेही चुकला नाही, म्हणून तर डोळे झाकून नवा घेतला. सध्या रायफलवर तोच परत चढवलाय.

ता. क. पार्सल न्यायला माणूस सकाळी ११ च्या आत पाठवा. नंतर मी रेंजवर असते.