तात्पुरत्या खोलीत राहणाऱ्या माझ्या मुलास

प्रिय राजा,

फोनवर हे सगळं बोलायला गेले की तू "हो गं आई, बघतो" म्हणून विषय संपवतोस, म्हणून सरळ लिहायलाच बसलेय. मोठं होणार आहे, एका दमात वाचलं नाहीस तरी चालेल, पण वाच.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तुझी खोली दिसली. जमिनीवर गादी, गादीवरच लॅपटॉप, खुर्चीवर धुतलेल्या आणि न धुतलेल्या कपड्यांचा एकच ढीग, भिंती कोऱ्या आणि वर तो पांढराफटक ट्यूबलाइट, त्यात तू आजारातून उठल्यासारखा दिसत होतास. मी काही बोलायच्या आत तूच म्हणालास की इथे कुठे कायम राहायचंय, तात्पुरतं तर आहे, स्वतःचं घर झालं की करू काय ते. हे तुझं तात्पुरतं मला काही पटलं नाही बघ. तू तिथे रोज झोपतोस, उठतोस, दमून येतोस, ताप आला तर तिथेच पडून राहतोस, मग ते घर नाही तर काय आहे? आणि ते स्वतःचं घर कधी होईल ते होईल, तोपर्यंतची वर्षं काय वेटिंग रूममध्ये काढणार आहेस का?

आधीच सांगते, मी तुला खरेदीला पाठवत नाहीये. हल्ली सेल्फ केअर म्हटलं की सुगंधी मेणबत्त्या, बाथ सॉल्ट, तोंडाला फासायच्या सतरा बाटल्या, सगळं छान रिबन बांधलेल्या बॉक्समध्ये. ज्याला हौस आहे त्याने घ्यावं, माझं काही म्हणणं नाही, पण तो बॉक्स घरी आला की चार दिवस कौतुक आणि मग तो कपाटात. मी म्हणतेय ते हाताने करायचं आहे आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे.

पहिलं म्हणजे तो लाइट. रात्री घरी आल्यावर तो वरचा लाइट लावूच नकोस. एक साधा टेबल लॅम्प घे नाहीतर कुणाचा पडून असलेला माग, आणि त्यात पिवळसर बल्ब लाव. बल्बच्या खोक्यावर २७०० के किंवा ३००० के असं छापलेलं असतं, ते पिवळसर उजेडाचे, आणि ६५०० के म्हणजे तुझ्या डोक्यावर आहे तसला निळसर पांढरा, तो कामाच्या टेबलावर ठीक आहे, झोपायच्या खोलीत नको. आणि लॅम्प खाली ठेव, कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून, म्हणजे उजेड भिंतीवर आपटून खोलीत पसरतो आणि डोळ्यात घुसत नाही. एवढं एक केलंस ना तरी तीच खोली ओळखू येणार नाही तुला, कपड्यांचा ढीगसुद्धा जरा बरा दिसेल (तो उचलायचा आहेच, त्यातून सुटका नाही).

सकाळी मात्र उलटं. पडदे लावून, मोबाइल तोंडासमोर धरून अर्धा तास लोळतोस ना, त्याऐवजी उठल्या उठल्या दहा-पंधरा मिनिटं बाहेर उभा राहा, गच्ची, गॅलरी, जिना, काय असेल ते. आपल्याला खोलीतला लाइट लख्ख वाटतो, पण मोजला तर तो काहीशे लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) भरतो आणि बाहेर ढगाळ असलं तरी हजारांत असतो, आणि शरीराचं घड्याळ त्या बाहेरच्या उजेडावर लागतं. रात्री झोप येत नाही म्हणून तू तक्रार करतोस त्याचं अर्धं उत्तर सकाळीच आहे. उरलेलं बरंचसं त्या संध्याकाळच्या कॉफीत आहे. कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त, म्हणजे संध्याकाळी सातला प्यायलास तर मध्यरात्री निम्मी कॉफी अजून तुझ्या अंगात जागी आहे.

झोपेचाच विषय निघालाय तर आंघोळीचं सांगते, कारण हे मला स्वतःला फार उपयोगी पडलंय. झोपायच्या तास-दोन तास आधी गरम पाण्याने दहा मिनिटं आंघोळ कर. कडकडीत नको, चाळीस-बेचाळीस डिग्रीच्या आसपास, म्हणजे अंगाला छान गरम लागेल पण चटका बसणार नाही इतपत. तुला वाटेल गरम पाण्याने अंग तापून झोप कशी येईल, तर गंमत अशी आहे की गरम पाण्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या पसरतात, आतली उष्णता तिथून बाहेर पडते आणि शरीराचं आतलं तापमान खाली यायला लागतं, आणि तापमान उतरायला लागलं की शरीर समजतं आता झोपायची वेळ झाली. २०१९ मध्ये संशोधकांनी याच्यावरचे आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं कमी लागतात असं निघालं. दहा मिनिटं म्हणजे काही फार नाही म्हणशील, पण कुशी बदलत काढलेली दहा मिनिटं किती मोठी असतात ते तुलाच माहीत. पण बादलीभर पाणी अंगावर ओतून आंघोळ उरकणं याच्यात धरू नकोस.

आणि पूर्ण आंघोळीचा कंटाळा आला तर नुसते पाय गरम पाण्यात सोडून बस. हे मला सगळ्यात आवडतं. टब नको, बादली चालते. घोट्याच्या वरपर्यंत पाणी घे, आधी हाताने बघ कितपत गरम आहे, आणि पाय आत सोडलेस की मोबाइल दुसऱ्या खोलीत, म्हणजे तुझ्याकडे दुसरी खोली नाही, तर मग हात पोचणार नाही इतका लांब. पाणी कोमट व्हायला लागलं की पाय बाहेर काढायचे आणि पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, सगळेजण वरवर पुसतात आणि मग तिथे बुरशी होते, खाज सुटते. नखं मऊ झालेली असतात तेव्हाच कापून घे, सरळ काप, कोपऱ्यात खोल कोरत जाऊ नकोस नाहीतर नख मांसात रुततं आणि ते दुखणं फार वाईट. त्वचा जराशी ओलसर असतानाच क्रीम लावायचं, टाचांना पेट्रोलियम जेली चोपडायची आणि वर जुने सुती मोजे घालून झोपायचं, सकाळी टाचेवरून हात फिरवून बघ. बूट घालून दिवसभर फिरणाऱ्या पोरांनी तर हे करायलाच पाहिजे आणि नेमके तेच करत नाहीत, त्यांना वाटतं हे बायकांचं काम आहे. पाय काय फक्त बायकांना असतात का?

गादीबद्दल एवढंच, चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्याला बदल. आणि उठल्या उठल्या पांघरूण गादीवर ताणून व्यवस्थित करून टाकू नकोस, आधी बाजूला सारून गादीला जरा हवा लागू दे, रात्रभराचा घाम आणि दमटपणा उडू दे, मग नीट कर. खिडकी उघड. लॅपटॉप गादीवरून हलव, उलट्या खोक्यावर ठेवलास तरी चालेल पण जिथे झोपायचं तिथे ऑफिस नको.

आता शर्ट. त्या कॉलवर तुझ्या निळ्या शर्टाचं मधलं बटन गेलेलं मला दिसलं, तू कितीही हात आडवा धरलास तरी. म्हणालास नवीन घेतो. बटनासाठी कुणी शर्ट टाकतं का रे? सुईदोरा घे, दोरा दुहेरी कर, टोकाला गाठ मार. कापडाच्या आतल्या बाजूने सुई वर काढ म्हणजे गाठ आत राहते. बटन जागेवर ठेव आणि बटनाच्या वर, दोन भोकांच्या मधोमध एक काडेपेटीची काडी आडवी ठेव आणि काडीच्या वरून टाके घाल, पाच-सहा पुरे. मग काडी ओढून काढ, बटन जरा वर उचल, त्याच्या आणि कापडाच्या मध्ये दोरा सैल झालेला दिसेल, त्या सैल दोऱ्याला खालून चार-पाच वेढे दे आणि सुई आत नेऊन पक्की गाठ मार. हा जो छोटासा दांडा तयार होतो ना बटनाखाली, त्यामुळे काजाच्या पट्टीला बसायला जागा मिळते, कापड ओढलं जात नाही आणि बटन वर्षानुवर्षं टिकतं. घट्ट चिकटवून शिवलेलं बटन आधी तुटतं. पहिल्यांदा सुई बोटाला टोचेल, टोचू दे. पण ते बटन लावून झाल्यावर जे वाटतं ते नवीन शर्ट घेऊन वाटत नाही, हे मी पैजेवर सांगते.

हे असलं काहीतरी हाताने करत राहा एवढंच माझं म्हणणं आहे खरं तर. दिवसभर तू स्क्रीनवर जे काम करतोस ते चांगलंच आहे, पण संध्याकाळी त्यातलं काही हातात धरून बघता येत नाही. लहानपणी तू किती चित्रं काढायचास, पुस्तकाच्या समासात, बिलांच्या मागे, जिथे कोरं दिसेल तिथे. मग कुणीतरी म्हणालं याचे माणसांचे हात चुकतात आणि तू बंदच केलंस. चुकू देत ना हात! अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये एक प्रयोग झाला होता, ३९ मोठ्या माणसांना पाऊण तास रंग, माती, कागद घेऊन काय करायचं ते करा म्हणून बसवलं, आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल तपासलं, ते ताण आला की वाढणारं हार्मोन. साधारण पाऊणशे टक्के लोकांचं कमी झालं, आणि ज्यांना आधीपासून चित्रकला येत होती आणि ज्यांना अजिबात येत नव्हती त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. प्रयोग छोटा होता, त्यावरून सगळ्या जगाचं काही ठरत नाही हे मलाही कळतं, पण तुझी "मला कुठे येतं" ही सबब मात्र त्यात गेली.

कसं सुरू करायचं तर एक खेळ आहे. समोर कप ठेव नाहीतर स्वतःचाच डावा हात ठेव, पेन कागदावर टेकव आणि मग कागदाकडे अजिबात न बघता, फक्त त्या वस्तूच्या कडेवरून मुंगी चालल्यासारखी हळूहळू नजर फिरवत जा आणि पेन नजरेबरोबर फिरू दे. पेन उचलायचं नाही, खाली बघायचं नाही. शेवटी जे निघतं ते इतकं विचित्र असतं की हसूच येतं, अंगठा एकीकडे, मनगट भलतीकडे, पण त्या पाच मिनिटांत तू तुझा हात जितका नीट बघितलास तितका कधी बघितला नसशील. आणि ते चित्र फेकू नकोस, भिंतीवर लाव. भिंत कोरी आहेच. खिळे ठोकायला घरमालक नाही म्हणत असेल तर दोन हुकांमध्ये दोरी बांध आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकव, बदलायलाही सोपं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून कुठे टाकू मात्र नकोस, लाइक मोजत बसशील आणि मग परत तेच, हात चुकला का, बरोबर आला का.

आणि शेवटचं, एक झाड. मनी प्लांटची फांदी कुणाकडूनही मिळते. पानाच्या खाली देठाला एक गाठ असते, तिथे बारीक तपकिरी टोक दिसतं, ती गाठ पाण्यात बुडली पाहिजे आणि पान पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, बास. आठवड्याला पाणी बदल, काही आठवड्यांत मुळं फुटतील. काचेची बाटली उन्हात ठेवलीस तर पाण्यात शेवाळ धरेल, म्हणून उजेड येईल पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी ठेव. तुझ्या मित्राची मांजर अधूनमधून येते म्हणालास, तर तिचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, कारण ती पानं चावली तर मांजरांच्या तोंडाची आग होते. आणि झाडामुळे खोलीतली हवा शुद्ध होते असं कुणी सांगितलं तर मान डोलाव आणि सोडून दे. ते १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासावरून पसरलंय, तो बंद पेटीत केलेला होता. नंतर २०१९ मध्ये हिशोब झाला तेव्हा निघालं की उघड्या खिडकीइतकी हवा साफ करायची तर एका चौरस मीटरला निदान दहा आणि खरं तर कदाचित हजारापर्यंत झाडं लागतील, म्हणजे तुला झोपायला जागाच उरणार नाही. हवेसाठी खिडकी उघड. झाड ठेवायचं ते नवीन पान उलगडताना बघायला.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहितीय, एका रविवारी सगळी खोली उलटीपालटी करशील आणि सोमवारपासून परत ये रे माझ्या मागल्या. आधी बल्ब. मग बटन. बाकीचं सुचेल तसं. आणि इतकं सगळं करूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर ते बल्बने आणि बादलीने जाणारं दुखणं नाही, तेव्हा डॉक्टरकडे जायचं आणि मला लगेच फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

बाबा मागून विचारतायत की तुझी खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि सकाळचं ऊन येतं की संध्याकाळचं, त्यांना फांदीबरोबर अजून एक कुंडी द्यायचीय आणि ऊन कळल्याशिवाय ते कुठलं झाड द्यायचं ते ठरवणार नाहीत. तेवढं आजच कळव. आणि लॅम्पच्या होल्डरचा फोटो पाठव, बल्ब पिनचा लागतो की आट्याचा ते बघायचंय.

तुझी,
आई