ऑसिलोस्कोपच्या फर्मवेअरमधील दोष

महोदय,

आमच्या तंत्रनिकेतनातील स्वस्त डिजिटल ऑसिलोस्कोपवर (विद्युत संकेताचा आलेख पडद्यावर दाखवणारे यंत्र), प्रोब (संकेत यंत्रात आणणारी मोजणीची तार) जुळवण्यासाठी यंत्रातच दिलेली १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर पडद्यावर बरोबर दिसत असूनही, टाइमबेस (पडद्यावरील आडव्या अक्षाचे वेळेचे प्रमाण) बदलताच वारंवारतेचा आकडा ५०० हर्ट्झ दाखवला जाई आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच तो सुधारे. टाइमबेस फार संथ ठेवल्यास नमुने अपुरे पडून आकडा चुकतो, पण येथे तसे नव्हते. पडद्यावर कर्सरच्या खुणा लावून मोजता लहरीचा कालावधी १ मिलिसेकंदच, म्हणजे वारंवारता १ किलोहर्ट्झच, भरत होती. विद्यार्थ्यांनी तो चुकीचा आकडा जर्नलमध्ये विश्वासाने उतरवला, याचे फार वाईट वाटते. विक्रेत्याने पेनड्राइव्हवर नवे फर्मवेअर (यंत्र चालवणारे, त्यातच बसवलेले सॉफ्टवेअर) दिले, मात्र त्यात काय दुरुस्त झाले हे कोठेच लिहिलेले नव्हते. प्रत्येक आवृत्तीसोबत ज्ञात दोषांची यादी देणे उत्पादकांवर बंधनकारक करावे.

– एक अध्यापक, सांगली