दादा, बुटातला चिखल तुम्ही काढलात

दादा,

नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि पेठेत कुणाला सांगायची गरजही नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तुमच्या पायात फुटबॉल आला की गॅलरी उभी राहायची, हे लग्न झाल्यापासून मिस्टरांच्या तोंडून ऐकत आलेय. पुढं तुम्ही सिनेमात गेलात, तेव्हा "आपला माणूस हाय" म्हणत ते आम्हा सगळ्यांना थिएटरात घेऊन गेले होते. एवढीच आपली ओळख, तीही एका बाजूनं.

फोनवर आभार मानायला गेलं की "असू दे ओ वहिनी" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

पोराला कुणाचा धक्कासुद्धा लागला नव्हता. पळता पळता वळला, पाय तिथंच रुतला आणि गुडघ्यातलं लिगामेंट गेलं. ऑपरेशन, पैसे, धावपळ हे सगळं इथं उगाळत बसत नाही. माणसांचं मात्र लिहिणार.

आदल्या सीझनला त्यानं गोल मारले तेव्हा चौकात फ्लेक्स लागला होता. त्यात ह्याच्यापेक्षा शुभेच्छुकांची तोंडं मोठी. तीच मंडळी दवाखान्यात आली, शहाळं हातात देताना फोटो काढून घेतले, "काय लागंल ते सांगा, आम्ही हाय की" म्हणाली. लागलं, तेव्हा सांगितलं. एकाचा फोन लागेना. दुसरे "बघूया की" म्हणाले, ते अजून बघतायत. त्याच्या नंबरची जर्सी दुसऱ्या पोराला दिली, हे त्याला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरनं कळलं. जर्सी कुणाला तरी द्यावीच लागते, खेळ कुणासाठी थांबत नाही, कबूल. पण एक फोन करायला काय जातं?

पोरगं बोलायचंच बंद झालं. बूट चिखलासकट माळ्यावर फेकले. व्यायाम सांगितलेले, ते करायचा नाही. पाय लांब करून भिंतीकडं बघत पडायचं.

तुम्ही आलात ते मोरेवाडीच्या चित्रनगरीतलं शूटिंग आटपून, तसेच. कानामागं मेकअप राहिलेला, ओठावर मिशी चिकटवलेल्या गोंदाचा पांढुरका माग. गल्लीतली पोरं मोबाइल घेऊन दारात गोळा झाली. "फोटो मागनं, आधी ह्येचं बघू दे," म्हणालात आणि दार पुढं केलंत. मला वाटलं, आता दोन गोष्टी समजावून सांगणार. तुम्ही विचारलंत, "बूट कुठं हाईत?"

माळ्यावरनं काढून दिले. एक पाय लांब सोडून फरशीवर बसलात. तुमचाही गुडघा पुरता दुमडत नाही, हे तेव्हा दिसलं. मग म्हणालात, "वहिनी, एक पिन द्या." माझ्या केसातल्या त्या पिनेनं एकेका स्टडच्या बुडातला वाळलेला चिखल उकरत बसलात. घाई नाही, बोलणं नाही. फरशीवर ढेकळं पडत होती. चहा गार झाला, मी दुसरा टाकला. दुसरा बूट तुम्ही हातात घेतलात तेव्हा पोरानं तो ओढून घेतला. "द्या, मी करतो."

ते तीन शब्द ऐकून मी आत स्वयंपाकघरात गेले. का, ते सांगत नाही.

बाहेर आले तर फुटबॉलवाल्या आय. एम. विजयनची गोष्ट चालू होती. त्रिशूरच्या स्टेडियमवर सोडा विकणारं पोरगं भारताचा कॅप्टन झालं, 2001 साली 'शांतम'मधनं सिनेमात आलं, आणि 2025 मध्ये पद्मश्री झालं. पोरगं म्हणालं, "म्हणजे तुमच्यासारखंच." तुम्ही केवढ्यानं हसलात! "माझ्यासारखं कुठलं, लगा? त्येनं 1999 ला सॅफ गेम्सला भूतानवर बाराव्या सेकंदाला गोल मारलाय. तेवढ्यात माझी लेस बी बांधून हुईत नव्हती. आणि तुला बारा सेकंद पाय उचलून धराय येईना?"

आणि मोजायला लागलात. सातला पाय थरथरला. तुम्ही टाचेखाली तळहात नेलात, पण लावला नाही, नुसता खाली धरून ठेवलात. बारा झाले.

आपल्या गावात मदत करणाऱ्यांची वानवा नाही. 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, जेवू घातलं. पण एकट्या पोराच्या गुडघ्यासाठी कुणी धावत नाही, कारण तो कुणाला दिसत नाही. तुम्हाला दिसला. नंतरही येत राहिलात, आणि त्यातला एक फोटो कुठं टाकला नाहीत. मोठेपणा मिरवणारे पुष्कळ बघितले. कामाचा शीण अंगावर असताना दुसऱ्याच्या बुटातली माती काढणारे तुम्हीच. ह्यापुढं कुणी मला 'आमचा सपोर्ट आहे' म्हणालं, तर मी त्याच्या हातात पिन देणार आहे.

पोरगं आता हळूहळू पळायला लागलंय. मॅच खेळायची परवानगी अजून नाही. मी विचारत नाही, तोही घाई करत नाही.

आणि एक निरोप आहे, सासूबाईंचा. तुमची ती मालिका त्या चुकवत नाहीत, पण तुम्ही सावकाराचा गुंड झाल्यापासून त्यांची फार ओढाताण होते. शिव्या घालाव्यात तर तुम्ही घरातले. त्यांचं म्हणणं, डायरेक्टरला सांगून तुमचं मन पालटलेलं दाखवा, आणि ते दिवाळीच्या आत.

तुमची,
वहिनी