दाढेच्या खाचा आणि मावळ्यांचे अंगरखे

कोल्हापूर,
24 ऑगस्ट

प्रिय मंजे,

स. न. वि. वि. एवढं शाळेतल्या मार्कांसाठी. आता खरं पत्र.

तुझा डबा पोचला. तुझे दीर स्वतः घरी आले आणि डबा हातात देत म्हणाले, "वहिनींनी आडवा ठेवू नका म्हणून बजावलंय." बिचाऱ्यांनी लीड्सपासून कोल्हापूरपर्यंत तो उभाच धरला असणार. बाटल्या आडव्या झाल्या तरी काही बिघडत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. चहा-पोहे देऊन पाठवलं.

आत तुझी चिठ्ठी: "आळशांचे रंग आहेत, तुला आवडतील." बरं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे उत्तर लेखी.

माझा प्रकल्प तुला माहीतच आहे. घोडखिंडीची, म्हणजे पावनखिंडीची लढाई, 13 जुलै 1660, जेवणाच्या टेबलावर, इवल्याशा पुतळ्यांची. बाजीप्रभूंबरोबरचे वीस बंदल मावळे, पाठलागावरच्या सिद्दी मसूदची वीस माणसं, आणि एक बाजी. फाईल विकत घेऊन घरच्या छोट्या रेझिन प्रिंटरवर सगळे छापून काढले, त्याला आता दोन वर्षं झाली. आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतले, यूव्हीच्या दिव्याखाली कडक केले, आणि मग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ते राखाडीचे राखाडीच पडून राहिले. एक माणूस रंगवायला मला तीन तास लागायचे. आधी मूळ रंग, मग चुण्यांत गडद पाणी, मग उंचवट्यावर फिकट, मग त्याहून फिकट. दिवसभर डेंटल लॅबमध्ये लोकांचे कृत्रिम दात रंगवून घरी आल्यावर तीन तास एका पागोट्यावर कोण घालवणार?

आता सुरुवातच कशी फसली ते ऐक. श्रावणातलं ऊन पाहून मी गॅलरीत प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा स्प्रे मारायला बसले. आठ माणसं ओळीत उभी केली, फवारा मारला, आणि पाच मिनिटांत पंचगंगेकडून ढग आला. हवेत ओल होतीच. संध्याकाळी बघते तर आठही जण रवाळ झालेले, बेसनलाडूसारखे. चूक पूर्ण माझी, डब्यावर दमट हवेत मारू नका असं लिहिलेलं असतं. परत आयपीए, परत जुना टूथब्रश. त्यानंतर ब्रशने लावायचा प्रायमर घेतला. वेळ जास्त जातो, पण पावसाची परवानगी लागत नाही.

प्रायमर हस्तिदंती पांढरा घेतला, कारण हे रंग अर्धपारदर्शक असतात, खालचा पांढरा वरून दिसतो. आणि इथे, मंजे, मला एकदम लॅबमध्ये बसल्यासारखं वाटलं. सिरॅमिकची दाढ करताना आम्ही शेवटी खाचांमध्ये तपकिरी स्टेन सोडतो. तो आपणहून खोल जागी जाऊन बसतो, उंचवट्यावर फक्त छटा राहते. खोटी दाढ खरी वाटते ती त्या खाचेमुळे. (पेशंट शेड गाइडमधल्या, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुन्यांतल्या सोळा छटांपैकी फिकट ए-1 मागतात, त्यांचा शेजारचा दात निघतो गडद ए-3.5. पण ते दुःख वेगळं.) तुझ्या बाटलीतला रंग अंगरख्यावर टेकवला आणि तो तस्साच धावला. चुण्यांत दाट, कडेला विरळ. सावली आणि उजेड एकाच हातात. मी पंधरा वर्षं दाढांवर हेच करतेय आणि मावळ्यांवर करायचं कधी डोक्यातच आलं नाही!

गेम्स वर्कशॉपने 2019 मध्ये असेच एका हातात सावली पाडणारे कॉन्ट्रास्ट रंग काढले, तेव्हा तू किती तणतणली होतीस ते मला आठवतंय. "एक हात मारला की झालं म्हणे, मग शिकायचं काय?" पुढे आर्मी पेंटरचे स्पीडपेंट आले, स्पेनच्या वायेहोचे एक्सप्रेस कलर आले, आणि तू हळूहळू गप्प झालीस. आता स्वतःच मला स्पीडपेंटची दुसरी आवृत्ती पाठवतेस! यावर मी काही बोलत नाही.

या दुसऱ्या आवृत्तीची एक परीक्षा मी मुद्दाम घेतली. 2022 च्या पहिल्या स्पीडपेंटमध्ये वाळलेल्या रंगावर ओला ब्रश लागला की खालचा रंग सुटून वर यायचा, म्हणून 2023 मध्ये कंपनीने घडणच बदलली, हे तूच सांगितलं होतंस. मी एका जुन्या प्लास्टिकच्या चमच्यावर प्रायमर लावला, त्यावर लाल पट्टा ओढला, रात्रभर ठेवला. सकाळी ओल्या ब्रशने वीस वेळा घासला, वर पांढरा लावला. पांढरा पांढराच राहिला. गुलाबी झाला नाही.

मला का एवढी पडली होती, तुझ्या लक्षात आलंच असेल. सहावीतली दिवाळी. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेले मावळे, सगळ्यांचे डोळे भूत बघितल्यासारखे वटारलेले. आपण ते पोस्टर कलरने परत रंगवले आणि रात्री किल्ल्यावरच ठेवले. सकाळी दव पडलेलं. महाराजांच्या शेल्याचा लाल रंग ओघळून सिंहासनावरून खाली अळिवाच्या हिरवळीत गेला होता, आणि तू म्हणालीस, "लढाई झालीय असं सांगू." बाबांनी ते वर्षभर प्रत्येक पाहुण्याला सांगितलं.

असो. रंगांबद्दल सांगते, नाहीतर तू म्हणशील पत्रात नुसत्या आठवणी.

पॅलिड बोन, म्हणजे फिकट हाडाचा रंग, हा खरा हिरा आहे. पांढऱ्यासाठी मी आधी होली व्हाइट लावून पाहिला, त्याच्या सावल्या थंड पडतात, कापड धुऊन नीळ घातल्यासारखं दिसतं. बंदलांच्या अंगावर नीळ कुठली? पॅलिड बोनने जाडंभरडं, चिखलात दोनदा पडून वाळलेलं कापड मिळतं. वीसच्या वीस अंगरखे त्यातच केले. हार्डन्ड लेदर हा तपकिरी वहाणा, पट्टे आणि म्यानांवर सुरेख बसतो. कातडीचं म्हणशील तर डब्यात क्रुसेडर स्किन होता. नाव वाचून मी एकटीच हसले. बाजीप्रभूंच्या माणसांना क्रुसेडरची कातडी! त्यात हार्डन्ड लेदर मिसळला, दोनास एक, तेव्हा कुठे मावळातला रापलेला रंग आला. मिसळायला माझी नेहमीची ओली पॅलेट, म्हणजे टिफिनचं झाकण, त्यात भिजवलेला स्पंज आणि वर बटर पेपर. पण हे रंग त्यावर पाणी पिऊन आणखी पातळ होतात, म्हणून शेवटी स्टीलची वाटी उलटी करून तिच्या बुडावर मिसळले. डोळे काढलेच नाहीत. 28 मिलिमीटरच्या माणसाला हातभर अंतरावरून डोळे नसतात, भुवईखाली सावली असते, आणि ती रंगाने आपली आपण पाडली. मिशा मात्र वेगळ्या काढल्या. मिशीत हयगय नाही.

आता तुझी बाजू. ढाली फसल्या. सपाट, किंचित फुगीर जागेवर या रंगाला पळायला खाच मिळत नाही, मग तो कडेला साचतो आणि मध्ये डाग पडतात, ओल्या फरशीवर मांजर फिरून गेल्यासारखे. रंग टेकवल्यावर जेमतेम अर्धा मिनिट हातात असतो. तेवढ्यात साचलेला थेंब कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा. त्यानंतर हात लावलास तर साय मोडते आणि मोडलेली साय परत जुळत नाही. मी तिसऱ्या माणसाच्या ढालीला उशिरा हात लावला. त्याला आता मागच्या रांगेत उभा केलाय. बाकीच्या ढाली गुपचूप तुझ्या पद्धतीने, साध्या रंगाचे दोन पातळ हात देऊन केल्या. बघ, लिहून दिलं.

पण आळशांचे रंग हे मला मान्य नाही. आळशी माणूस थेंब टिपत बसत नाही. कुठे रंगाला मोकळं सोडायचं आणि कुठे अजिबात सोडायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं, कारण नंतर दुरुस्ती नाही. थरावर थर देताना चूक पुढच्या थराखाली झाकता येते. इथे पहिला हात तोच शेवटचा. आमच्याकडे दाढ भट्टीतून बाहेर आली की जसं असतं ना, तसं.

हिशोब सांगते. एका माणसाला पंचवीस मिनिटं, ढाल सोडून. अकरा दिवसांत वीस बंदल पूर्ण. दोन वर्षांत शून्य झाले होते. सिद्दीची माणसं निम्मी झालीत, त्यांना निळे-हिरवे कपडे दिलेत, इतिहासाचा पुरावा मागू नकोस. वरून मॅट वार्निश हवंच, कारण हे रंग वाळल्यावर थोडे तेलकट चमकतात आणि जुलैच्या चिखलात चमकणारं काही नसतं. तेही ब्रशनेच लावलं, गॅलरीचा धडा ताजा आहे.

तळांवर लॅबमधलं उरलेलं प्लास्टर आणि त्यावर पन्हाळ्याची लाल माती चाळून टाकली. गेल्या महिन्यात मोहिमेला गेले होते, पन्हाळा ते पावनखिंड, दोन दिवस. तू नव्हतीस म्हणून पहिल्यांदाच कुणी माझ्यामागे "थांब, बूट अडकला" असं ओरडलं नाही. माती बुटालाच लागून आली, वेगळी आणायला लागली नाही.

बाजीला अजून रंग लावलेला नाही. पांढरा प्रायमर लावून तुळशीच्या कोनाड्याशेजारी फडताळात उभा आहे, दोन्ही हातांत शस्त्रं. तीनदा पॅलिड बोनची बाटली हलवली, आतला छर्रा खळखळला, आणि परत ठेवली. त्याच्या अंगरख्यावर एकोणीस जखमा आहेत. मी फाईलमध्येच मोजल्या, करणाऱ्याने एकेक कापलीय. तिथे रंग पळाला तर सगळ्या सारख्याच दिसतील, आणि तशा त्या दिसायला नकोत. ते काम थरांचं. दिवाळीला येतेयस ना? तुझे ब्रश आण, माझ्यातल्या एकालाही टोक उरलेलं नाही. तीन तास लागू देत, चार लागू देत. मी समोर बसून सिद्दीची उरलेली दहा माणसं संपवते.

आईचा आशीर्वाद. तिला वाटतंय तू काजळ पाठवलंस.

तुझी,
रेवा

ता. क. ढालींवरची फुलं राहिलीत, पण सोनेरी आणू नकोस. त्याऐवजी हार्डन्ड लेदरची आणखी एक बाटली आण. आणि दिरांना सांग, या वेळी आडवी चालेल.