आमच्या खाजनाची खांडी अजून उघडीच आहे : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सा. न. वि. वि.

गोव्यात मांडवीकाठी आमचे खाजन आहे, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेले शेत. त्याचा बांध गेल्या सप्टेंबरात फुटून खांडी पडली आणि पोटरीतले भात खाऱ्या पाण्यात गेले. ऑक्टोबरात अधिकारी आले, मोजमाप झाले, ‘दिवाळीनंतर काम धरतो’ असे बांधावर उभे राहून सांगितले गेले. दिवाळी गेली, शिगमा गेला, मे उजाडला. परवाच्या अमावास्येच्या उधाणाने कूळसंघाने, म्हणजे आम्हा कुळांच्या संघाने, रचलेल्या वाळूच्या पिशव्याही नेल्या. आता यंदाचे सरद, म्हणजे पावसाळी भातपीक, तेही बुडणार. विचारायला गेलो की उत्तर एकच : निविदा प्रक्रियेत आहे.

प्रक्रियेत असताना शेतात काय होते ते ऐका. मे महिन्यात खाडीच्या मुखाकडचे पाणी लिटरमागे 30 ग्रॅमच्या आसपास मीठ घेऊन येते. असे पाणी हेक्टरभर शेतात एक सेंटीमीटर जरी साचून आटले, तरी मागे 3 टन मीठ राहते. भरती दिवसातून दोनदा. मिठातला सोडियम चिकणमातीला धरून बसतो, माती ओली असताना लगदा होते, सुकली की विटेसारखी कडक, आणि पाऊस पडला तरी पाणी मुरत नाही. शेत तडकून खोलवर सुकले तर आणखी वाईट, कारण खालच्या काळ्या चिखलातल्या गंधकाला हवा लागते आणि त्याचे आम्ल होते. तडांत पिवळसर रेघा आणि चरात तांबूस पाणी दिसले की समजावे, त्या तुकड्यात खारे सोसणारे आमचे कोरगुट भातही तग धरणार नाही.

खांडी वाट बघत थांबत नाही. प्रत्येक ओहोटीला आतले पाणी त्याच तोंडातून जोराने बाहेर पडते, तळ खरवडते आणि मध्ये कोंड, म्हणजे खोल डोह, पडते. ऑक्टोबरात जे काम गावच्या माणसांनी चिखल, पेंढा आणि बांबूने आठवड्यात उरकले असते, त्याला आता खुंटांच्या दोन रांगा, मध्ये चटया आणि पिशव्या, आणि बाहेरून चिरे लागणार. तेही वाटेल तेव्हा करता येत नाही. उधाणात पाणी दोन मीटरांहून जास्त चढते-उतरते, भांगेला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, एक मीटरच्या आसपास. म्हणून शेवटचे तोंड अष्टमी-नवमीच्या ओहोटीलाच बुजवायचे. ती वेळ हुकली की पंधरा दिवस थांबा, आणि मधल्या उधाणात अर्धवट काम वाहून जाते. ही तारीख कुठल्या निविदेत लिहिलेली आम्ही पाहिली नाही.

पूर्वी झालेल्या कामांचेही तेच. पोकलेन आणतात आणि बांधाच्या पायथ्यालाच खड्डा खणून तिथली माती बांधावर टाकतात. पायथा पोकळ होतो, आणि गंधकाचा काळा चिखल वर येऊन आम्लाचा धोका तेवढा वाढतो. जुन्या बांधाची तुटलेली टोके पायऱ्यांसारखी कापून घेतल्याशिवाय नवी माती त्यांना धरत नाही. ते कोणी करत नाही. माती वीतभर थराने घालून चेपायची असते, इथे डंपर रिकामा केला की थर संपला. कुठे काँक्रीटची भिंत बांधतात. मऊ चिखलावर ती खचते, जोडांतून भेगा पडतात आणि पाणी खालून वाट काढते. चिखलाच्या बांधात कुर्लीने बीळ पाडले तर ते सापडते आणि मूठभर चिखलाने बुजते. भिंतीखालचे बीळ भिंत खचेपर्यंत दिसतच नाही.

आणि मानस, म्हणजे बांधातले पाणी सोडण्याचे दार असलेली मोरी. तिचे दार वरून टांगलेले असते, ओहोटीला आतले पाणी ते ढकलते आणि भरतीला ते आपसूक मिटते. उंबरठ्यावर काळवांचा (शिंपल्यांचा) थर चढला तरी दोन बोटे फट राहते. मासळीसाठी मानशीची पावणी, म्हणजे लिलावातला ठेका, घेणारा रात्री दारात बांबूचा तुकडा अडकवतो, तेव्हा तर खारे पाणी पोंयीतून (मानशीच्या आतल्या तळ्यातून) सरळ शेतात. त्या तुकड्याने बांधाच्या खांडीइतकेच शेत खारावते. पावणीच्या करारात दार अडवल्यास ठेका रद्द, असे एक वाक्य घाला आणि ते पाळून घ्या.

बांध बुजला म्हणजे शेत लगेच सुधारले असे नाही. पहिल्या पावसानंतर दहा-पंधरा मीटरांवर फूटभर खोल चर मानशीकडे उतरते काढायचे. शेतात चार बोटे पाऊस धरायचा, तीन-चार दिवसांनी ओहोटी बघून सोडायचा, आणि पुन्हा धरायचा. असे तीन-चारदा केल्यावर माती तपासायची. मातीतले मीठ दाखवणारी विद्युत वाहकता दर मीटरला 4 डेसिसायमनच्या खाली आली तरच साधे बियाणे, नाहीतर कोरगुटच रुजवून पेरायचे. जिप्सम तपासणीनंतर द्यावे, आणि आम्ल तुकड्याला चुना. बांध उघडा असताना जिप्समची पोती वाटणे म्हणजे पैसा खाडीत टाकणे, आणि तेही झालेले आहे.

पूर्वी कोमुनिदादी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्था, हे बांध सांभाळत. 1964 च्या कूळ कायद्यानंतर भार कूळसंघांवर आला, पण तिजोरीची किल्ली सचिवालयातच राहिली. पैसा मार्चअखेरीला सुटतो आणि बांध सप्टेंबरात फुटतो. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याची खाजने नोंदवून त्यांचा व्यवस्थापन आराखडा करायचा, तिथे विकासकामे करायची नाहीत, असे स्पष्ट लिहिले होते. सुमारे 18 हजार हेक्टर खाजन आहे या राज्यात. आमच्या बांधावर तो आराखडा घेऊन कोणी आलेले नाही. खांडी दोन-तीन वर्षे उघडी राहिली की शेतात तिवरे उगवतात. मग कायदा तिवरांना हात लावू देत नाही, कागदावर जमीन पडीक ठरते, आणि पडीक म्हटले की भराव घालायला दलाल हजर होतात. आमच्या मुलांना हे शेत आम्ही शेत म्हणून द्यायचे की एक-चौदाच्या जमीन-उताऱ्यावरची एक ओळ म्हणून, हे तुमच्या सह्यांच्या वेगावर ठरते आहे, आणि त्याची आम्हाला चीड आहे.

पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्याआधी भांगेची एकच ओहोटी उरली आहे. त्या अष्टमीच्या आदल्या दिवशी खुंट, चिरे आणि बाहेरून आणलेली चिकणमाती बांधावर पोचवा, आणि ओहोटीच्या वेळी सही करू शकेल असा एक अभियंता पाठवा. माणसे आम्ही देतो.

आपले,
कूळसंघाचे शेतकरी