चष्मा राहू दे, आधी वेफर्स घे

जळगाव

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. नाव ‘सर्व इंद्रियांसाठी ऑगमेंटेड रिॲलिटी’ आणि आत नुसता चष्माच! एआर म्हणजे खऱ्यात बनावट मिसळायचं, तेही जागच्या जागी आणि त्याच क्षणी. यात डोळ्याचा मक्ता कुठे आला?

शिवाय डोळा फार नखरेल. मान सेकंदाला 100 अंश वळली आणि चष्म्यातलं चित्र 20 मिलिसेकंद मागे पडलं, की 2 अंशांची चूक. 60 सेंटिमीटरवर ती 2 सेंटिमीटर भरते. ठिबक सिंचनाच्या ड्रिपरवर दाखवलेला बाण शेजारच्या मातीत घुसतो.

म्हणून कानापासून सुरू कर. ऑक्सफर्डच्या झाम्पिनी आणि स्पेन्स या संशोधकांनी 2004 साली दाखवलं, की खाणाऱ्याला त्याच्याच चावण्याचा आवाज 2 किलोहर्ट्झच्या वरचा भाग चढवून ऐकवला, तर तोच चिप्स जास्त कुरकुरीत वाटतो. (इग नोबेल, म्हणजे हसू आणणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं त्यांना. हसू दे लोकांना.) आपल्याकडे केळी वेफर्स आहेतच.

माइक तोंडापासून 5 सेंटिमीटरवर, जरा बाजूला धर. समोर धरलास तर श्वासाचा फुस्स आवाज येतो. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) 48,000, बफर (एका वेळी पुढे जाणारा नमुन्यांचा गठ्ठा) 128 ठेव, म्हणजे एका बफरला 2.7 मिलिसेकंद. इक्वलायझरला (आवाजाची एकेक पट्टी वेगळी चढवता-उतरवता येते ते साधन) 2 किलोहर्ट्झपासून वर 10 डेसिबल चढव, आवाज मात्र अगदी कमीवरून वाढवत ने. हेडफोन वायरचाच. ब्लूटूथने शंभरावर मिलिसेकंद उशीर होतो आणि शेजारी दुसरंच कुणी खातंय असं वाटतं. कान झाकणारा हेडफोन घेतलास तरी जबड्याच्या हाडातून खरा आवाज आत येतोच; तो जास्त करून खालच्या पट्टीतला, म्हणून वरची पट्टी बदलणं साधतं. एक वेफर ताजा, एक सादळलेला दे. कुठला कुठला, ते खाणाऱ्याला सांगू नकोस.

स्पर्शाला नाण्याएवढी स्वस्त मोटर नको. ती वेग घेईपर्यंत बोट पुढे गेलेलं असतं. त्वचेला 250 हर्ट्झच्या आसपासचं कंपन सगळ्यात चटकन कळतं, त्यामुळे त्याच्या जवळपास चालणारी लिनिअर मोटर बघ, म्हणजे गोल न फिरता मागे-पुढे थरथरणारी.

वास शेवटी घे, खरं तर या वर्षी घेऊच नकोस. सोडता येतो, आवरता येत नाही; फोडणी बंद केली तरी घर दरवळतंच. त्यात नाक काही मिनिटांत त्याला सरावतं. चवीचं निम्मं दुकान नाकातच आहे, हे पाहायचं तर नाक दाबून भरीत खा: मीठ कळेल, मिरचीही झोंबेल, कारण ती चव नसून वेदनेची तार आहे. वांगं भाजल्याचा धुरकट खमंगपणा मात्र गायब. बोट सोडलंस की परत हजर.

वेफर्सचे दोन पुडे पाठवते आहे. एक आदल्या रात्रीच फोडून ताटात पसरून ठेव.

तुझी,
आई