गणवेश उतरवल्यानंतरचा हिशेब विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुकीचे वारे वाहू लागले की आपल्या जिल्ह्यात एक वाक्य हमखास कानावर येते : 'एखादा फौजी माणूस उभा करा, तो सगळ्यांना सरळ करील.' परवा आपल्या पत्रव्यवहारातही एका वाचकाने हीच मागणी केली आहे. त्यांची तळमळ मला पटते, उपाय मात्र अपुरा वाटतो. म्हणूनच नौदलातून राजकारणात गेलेल्या एका माणसाची हकिकत इथे मांडतो. ते म्हणजे अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर. वयाची शंभरी पूर्ण करून ते २९ डिसेंबर २०२४ रोजी वारले. अध्यक्ष म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. मला सांगायचे आहे ते त्याआधीचे.

१९४६ मध्ये अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडून कार्टर पाणबुड्यांवर गेले आणि पुढे अॅडमिरल रिकोव्हर यांच्या अणुपाणबुडी प्रकल्पात दाखल झाले. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडात चॉक रिव्हर येथे अणुभट्टीला अपघात झाला. गाभा वितळला होता आणि तो सुटा करायला माणसेच आत उतरवावी लागणार होती. किरणोत्सर्ग इतका की एका माणसाला जेमतेम दीड मिनिट आत थांबता येई. कार्टर यांच्या तुकडीने जवळच्या टेनिस कोर्टावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली. कोणी कोणता बोल्ट काढायचा, पान्हा कुठे लावायचा, याची तिथे घड्याळ लावून तालीम केली आणि मगच एकेक जण खाली उतरला. कार्टर स्वतःही उतरले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. नौदल माणसाला काय शिकवते ते यात दिसते : आधी नीट समजून घे, तालीम कर, मग हात घाल, आणि पहिल्यांदा स्वतः उतर.

पुढच्याच वर्षी वडील वारले आणि कार्टर यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पत्नीचा कडाडून विरोध होता. गावी परतले ते भुईमुगाच्या शेतीवर. आल्या आल्या दुष्काळ पडला आणि हाती जवळजवळ काहीच लागले नाही. कुटुंब सरकारी अनुदानाच्या घरात राहत होते. शेंगा आणि कोरडे आभाळ म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. त्या दिवसांत त्यांनी आमदारकी मागितली नाही. ते तालुक्याच्या शाळा मंडळावर गेले. गावातल्या गोऱ्यांनी वर्णभेद टिकवण्यासाठी संघटना काढली, तेव्हा सभासद व्हायला नकार दिला आणि स्वतःच्या दुकानावर बहिष्कार ओढवून घेतला. नऊ वर्षे अशी गेली.

१९६२ मध्ये ते जॉर्जिया राज्याच्या सिनेटसाठी, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहासाठी, उभे राहिले. हा प्रसंग आपण संपादक म्हणून जरूर वाचावा. क्विटमन परगण्यात एका स्थानिक पुढाऱ्याची हुकमत होती. मतदानाच्या दिवशी तो स्वतः टेबलाशी उभा. मतदाराच्या हातातली मतपत्रिका बघायची, कोणते नाव खोडायचे ते सांगायचे, असा उघड कारभार. मतपेटी म्हणजे पुठ्ठ्याचे खोके, हात जाईल एवढे भोक पाडलेले. मतदार जितके आले त्याहून मतपत्रिका जास्त निघाल्या. यादीत मेलेल्यांची आणि तुरुंगातल्यांची नावे. त्यातही काही मतदार म्हणे नावांच्या आद्याक्षरांच्या क्रमाने रांग लावून आले होते! कार्टर थोड्या मतांनी पडले. लोकांनी सांगितले, जाऊ दे, इथे असेच चालते. त्यांनी ते ऐकले नाही. घरोघर जाऊन साक्षी गोळा केल्या, शपथपत्रे करून घेतली, कोर्टात गेले. तरी कोणी दाद देईना, तेव्हा 'अटलांटा जर्नल'चा वार्ताहर जॉन पेनिंग्टन त्या गावी जाऊन बसला. त्याच्या बातम्या छापून येऊ लागल्या आणि प्रकरण दडपणे अशक्य झाले. न्यायाधीशांनी ती पेटी बाद केली, कार्टर निवडून आले. मला विचाराल तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा पाया त्या पुठ्ठ्याच्या खोक्याशी घातला गेला.

सिनेटमध्ये त्यांनी ठरवले की मत देण्यापूर्वी प्रत्येक विधेयक स्वतः वाचायचे. ढीग मोठा, म्हणून भरभर वाचण्याचा वर्गही लावला. १९६६ ला गव्हर्नरपदाला पडले, १९७० ला आले. त्या दुसऱ्या प्रचारात वर्णभेदी मतदारांना त्यांनी गोंजारले, हा डाग आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. पण जानेवारी १९७१ मध्ये शपथ घेताच भाषणात वर्णभेदाचे दिवस संपले असे त्यांनी बजावले. १९७६ मध्ये ते अध्यक्षपदी निवडून आले.

अध्यक्ष म्हणून ते थोर होते असे मी म्हणणार नाही. बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालायची इंजिनिअरची सवय होती, पण संसदेतल्या लोकांना जवळ करणे जमले नाही. इराणमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकनांच्या सुटकेची मोहीम फसली आणि १९८० मध्ये मतदारांनी त्यांना सपशेल घरी बसवले. शिस्त होती, अभ्यास होता, सचोटी होती; तरीही पडले. फौजी माणूस आला की सगळे सुरळीत होईल, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. नंतर त्यांच्या संस्थेने जगातून नारू, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा जंताचा रोग, हटवण्याचे काम हाती घेतले. १९८० च्या दशकात वर्षाला लाखो माणसांना होणारा हा रोग आता मोजक्या रुग्णांवर आला आहे. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन नारू झालेली माणसे आपल्याकडच्या जुन्या पिढीने पाहिली आहेत. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. ते श्रेय आपल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांचे. आणि महाराष्ट्राशी आणखी एक धागा : कार्टर यांच्या आई लिलियन वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी स्वयंसेविका म्हणून विक्रोळीत येऊन राहिल्या होत्या, तिथल्या दवाखान्यात काम करत होत्या.

आता आपल्याकडे. ज्या १९७१ साली सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे फौजदाराची नोकरी सोडून राजकारणात उतरले, त्याच साली देशाचे पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पा मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. एवढ्या मोठ्या माणसालाही केवळ कीर्तीवर मते मिळाली नाहीत.

बार्शी, माढा, सांगोला, अक्कलकोट या भागांतली कितीतरी मुले सैन्यात आणि नौदलात जातात. समुद्र कधी न पाहिलेला पोरगा ओडिशातल्या चिल्काला नौदलाचे प्रशिक्षण घेऊन जहाजावर चढतो आणि चाळिशीच्या आत निवृत्त होऊन परत येतो. त्याचे आम्ही काय करतो? प्रचारसभेत फेटा बांधतो, अंगावर चादर घालतो, मंचावर कडेच्या खुर्चीत बसवतो, फोटो काढतो. माइक त्याच्या हाती जात नाही. आमच्या पेठेत जहाजाच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षे घालवलेले एक गृहस्थ आहेत. चार-पाच दिवसांआड येणारे पाणी गेल्या उन्हाळ्यात गल्लीच्या शेवटच्या घरांना मिळेनासे झाले. त्यांनी रात्री चावीवाल्याबरोबर जाऊन व्हॉल्व्हच्या दांड्याला कान लावला आणि वर चढावर पाइपात हवा अडकली आहे हे सांगितले. हवा काढली, पाणी आले. एकाही पक्षाने त्यांना वॉर्डाच्या पाण्याबद्दल अद्याप एक शब्द विचारलेला नाही.

पक्षांना माझे सांगणे आहे की अशा माणसांना थेट विधानसभेची स्वप्ने दाखवू नका आणि शोभेलाही बसवू नका. शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत, प्रभाग, इथे खरी जबाबदारी द्या. माजी सैनिकांनीही बोलावण्याची वाट न पाहता तिथे शिरावे.

आणि आपल्याला एक विनंती. यापुढे कोणीही माजी सैनिक उमेदवार म्हणून पुढे आला तर त्याची पदके छापाच, पण गणवेश उतरवल्यापासून अर्ज भरेपर्यंत त्याने गावात काय केले तेही शोधून छापा. मतदानाच्या दिवशी जिथून तक्रारी येतात अशा चार-दोन केंद्रांवर आपला वार्ताहर सकाळपासून पेट्या सील होईपर्यंत बसवा. जिथे दमदाटी होईल तिथली बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, केंद्राच्या क्रमांकासह यावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर